तिसरीच्या आधी आणि तिसरीनंतर

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात येऊन बसणारे सहा वर्षांचे मूल भाषा शिकूनच आलेले असते. त्याला रुसता येते, थापा मारता येतात, आजीची नक्कल करता येते. ‘मी आलो असतो, पण तू बोलावलंच नाहीस’ असे अवघड घडणीचे वाक्य ते न अडखळता बोलते. हे त्याला कोणी पुस्तक उघडून शिकवलेले नसते. शाळेत शिकायचे असते ते वेगळेच काही: तोंडातले बोलणे कागदावर उतरवायचे आणि कागदावरचे पुन्हा तोंडात आणायचे. बोलणे माणसाच्या मुलाला सहवासातून येते, वाचणे येत नाही. लिपी ही जेमतेम पाच हजार वर्षांची जुनी गोष्ट आहे, आणि प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक मुलाला ती मुळापासून शिकवावी लागते. प्राथमिक शाळेची पहिली दोन वर्षे मुख्यतः या एका कामाची असतात. पुढच्या सगळ्या वर्षांचा भार त्यांच्यावर असतो, आणि तरी घरात सर्वांत कमी गंभीरपणे घेतली जातात ती हीच वर्षे. ‘अजून पहिलीतच आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे.

महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाच्या डोक्यात वर्षागणिक काय घडत जाते, ते या प्रकरणात पाहू. विषयांची नावे सर्वांना ठाऊक असतात. त्या नावांखाली मुलाला नेमके काय जमावे लागते, तिकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

देवनागरी लिपी मुलांना एक मोठी सवलत देते. मराठीत बहुतेक ठिकाणी लिहिले तसेच वाचायचे असते, त्यामुळे अक्षरांची जोडणी एकदा जमली की अनोळखी शब्दही वाचता येतो. ही सवलत हाती येईपर्यंतची वाट मात्र लांब आहे. तीसहून अधिक व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी, शिवाय जोडाक्षरे. मुलाला शेकडो आकृत्या ओळखाव्या लागतात. त्यातल्या काही तर कानाच्या उलट चालतात. ‘ति’ म्हणताना ‘त’ आधी ऐकू येतो आणि ‘इ’ नंतर, पण कागदावर वेलांटी आधी दिसते. ‘र’ची तर गंमतच आहे: ‘सूर्य’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘राष्ट्र’मध्ये वेगळाच आकार घेतो आणि ‘वाऱ्यावर’मध्ये आणखी निराळा. मोठ्यांच्या डोळ्यांना हे दिसतही नाही. सात वर्षांचे मूल ‘सूर्य’वर अडखळले तर त्याचे लक्ष नाही असे समजू नये, वर ठेवलेली खूण आधी वाचायची की नंतर, हा खराखुरा प्रश्न त्याच्यासमोर असतो.

म्हणूनच चांगल्या शिक्षिका पहिलीत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने जात नाहीत. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या शास्त्रावर बेतलेला आहे आणि तो सुंदर आहे, पण वाचन शिकण्यासाठी तो केलेलाच नाही. ग, म, भ, न अशी वळणाने जवळची, सोपी अक्षरे आधी घ्यायची, लगेच काना द्यायचा आणि त्यातून अर्थाचे शब्द तयार करायचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. पहिल्या महिन्यातच मुलाने ‘मामा’ किंवा ‘गाभा’ स्वतः वाचला, तर लिपीतून अर्थ निघतो हे त्याला कळते. सगळी मुळाक्षरे घोकून झाल्यावरच पहिला शब्द वाचायला मिळणाऱ्या मुलाला हा आनंद फार उशिरा भेटतो.

याच मुलावर दुसरी लिपीही येते. महाराष्ट्रात 2000 सालच्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी मराठी शाळेतले मूल पाचवीत ‘ए, बी, सी, डी’ गिरवायला बसायचे. 16 एप्रिल 2025 रोजी राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचा आदेश काढला, त्यावर मोठा वाद झाला आणि 29 जूनला तो निर्णय मागे घेण्यात आला. वाद अस्मितेच्या भाषेत झाला, पण शिकण्याच्या दृष्टीनेही त्याकडे पाहायला हवे होते. एका भाषेत वाचन पक्के झाले की दुसऱ्या भाषेतले वाचन लवकर जमते, कारण अक्षर आणि आवाज यांचा संबंध ओळखण्याची युक्ती एकदाच शिकावी लागते. ती युक्ती पक्की होण्याआधी भाषा वाढवल्या तर वेळ तेवढा विभागला जातो. आणि ज्या घरांत कोरकू, गोंडी, पावरी किंवा भिली बोलतात, तिथल्या मुलासाठी पुस्तकातली मराठी हीच आधी दुसरी भाषा असते, हे तर या चर्चेत कुणाच्या फारसे लक्षातच आले नाही.

पहिलीच्या अखेरीस काय यायला हवे? केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात याची उत्तरे आहेत. पहिलीच्या शेवटी मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचे, पूर्वी न पाहिलेले वाक्य वाचावे. दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द. तिसरीच्या शेवटी किमान 60 शब्द, अर्थ समजून. शब्द मोजण्याच्या या रीतीबद्दल माझा एक आक्षेप आहे: ‘शाळेतल्यासारखं’ हा मराठीत एक शब्द होतो, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतील, तेव्हा एकच पट्टी सगळ्या भाषांना लावणे बरोबर नाही. पण वेगाचा आग्रह मुळात चुकीचा नाही. एकेक अक्षर लावत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. मनात एका वेळी मावणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात, आणि ती सगळी जागा अक्षरे जुळवण्यातच गेली तर अर्थाला जागा उरत नाही. अशा मुलाने धडा वाचून दाखवला, तरी त्यात काय होते ते त्याला सांगता येत नाही.

दुसरीच्या वर्षात गणिताची एक अवघड चढण येते, आणि ती खास आपल्या भाषेची आहे. ‘सत्तावीस’ हा शब्द ऐका. त्यात सात आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र 2 आधी, 7 नंतर. श्रुतलेखनात मुले 72 लिहून मोकळी होतात. ‘एकोणतीस’ ऐकले की कानावर तीस पडते, लिहायचे असते 29. याच चालीने 89 ला एकोणनव्वद म्हणायचे, पण 99 ला ‘एकोणशंभर’ न म्हणता नव्याण्णव. सोलापूर, जत या भागांत कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तिथले मूल 27 ला ‘इप्पत्तेळु’ म्हणते, म्हणजे आधी वीस, मग सात. लिहायचे त्याच क्रमाने बोलते. त्याच्यापुढे ही अडचण येत नाही.

जून 2019 मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 21 ते 99 या संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशाही वाचायला दिल्या, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. गणित विषयाच्या समितीचे काम गणितज्ञ मंगला नारळीकर पाहत होत्या. जोडाक्षरांची संख्यानामे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना गणिताची नावड निर्माण होते, ही त्यांची भूमिका होती. मराठीची वाट लावली, असे पुष्कळ जण म्हणाले. मला नारळीकरांचे निदान अचूक वाटते. ‘बावीस’ टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. तो शब्द बाजारात, बसमध्ये, घरात मुलाच्या कानावर रोज पडतो आणि पडायलाच हवा. पण दोन दशक आणि दोन सुटे म्हणजे 22, हे समजण्यासाठी ‘वीस दोन’ हा शब्द काही महिने मदतीला घेतला तर बिघडत काहीच नाही. त्या वादात मोठ्यांच्या कानांचा विचार झाला, मुलांच्या अडचणीचा फार थोडा.

कारण दशक आणि एकक हे प्रकरण साधे नाही. 2 हा अंक एका जागी दोन असतो आणि शेजारच्या जागी वीस. जगाला हे सुचायला शतकानुशतके लागली. आपण ते सात वर्षांच्या मुलाकडून एका वर्षात अपेक्षितो. शंभर मण्यांची गणितमाळ, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हे वर्गातले साहित्य त्यासाठीच असते. हा पाया कच्चा राहिला की पुढच्या चुका ठरलेल्या. ‘दोनशे पाच’ सांगितले की मूल 2005 लिहिते: आधी दोनशे लिहिले, मग पाच. 52 मधून 27 वजा करायला सांगितले की उत्तर येते 35, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलाने सातातून दोन वजा केले. याला आपण निष्काळजीपणा म्हणतो. खरे तर मुलाने स्वतःचा एक नियम तयार केलेला असतो, ‘मोठ्यातून लहान काढायचे’, आणि तो ते इमानाने पाळत असते. त्याला दहा वेळा तीच वजाबाकी लिहायला लावून तो नियम मोडत नाही. काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवला, दहा सुट्या काड्या त्याच्या हातात आल्या, की मोडतो.

पाढ्यांबद्दल थोडे. जुन्या शाळेत मुले तिसापर्यंत पाढे आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणत. ती पाठांतरे गेली याची खंत अनेक आजोबांना आहे, आणि त्यात तथ्यही आहे: बे ते दहाचे पाढे जिभेवर असलेले मूल भागाकारात अडत नाही. मात्र आठ सक अठ्ठेचाळीस म्हणजे आठ-आठच्या सहा रांगा, हे एकदा मांडून बघितलेले असावे.

आता तिसरी. माझ्या मते प्राथमिक शाळेतली सर्वांत महत्त्वाची इयत्ता हीच आहे, आणि तिचे महत्त्व पाठ्यक्रमात कुठे ठळक अक्षरांत लिहिलेले नाही. दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकत असते. तिसरीपासून त्याने वाचून शिकावे अशी अपेक्षा सुरू होते. ‘परिसर अभ्यास’ हा वेगळा विषय तिसरीत येतो. पाणी, हवा, अन्न, दिशा, नकाशा, आपला जिल्हा. जिल्ह्याच्या भूगोलासाठी तिसरीची पुस्तके जिल्हावार काढण्याची चांगली पद्धत आपल्याकडे रुजली, म्हणजे गडचिरोलीच्या मुलाला आधी आपली वैनगंगा भेटते आणि सिंधुदुर्गातल्या मुलाला आपला किनारा. विषय रंजक आहेत, चित्रे आहेत. पण मजकूर परिच्छेदांत आहे. आणि गणितातही वाक्ये येतात: बागेत आंब्याची 24 झाडे आहेत, चिकूची झाडे त्यापेक्षा 8 कमी आहेत, तर एकूण झाडे किती? बेरीज आणि वजाबाकी दोन्ही येणारे मूल इथे बसून राहते, कारण ‘त्यापेक्षा’ या शब्दापाशी त्याचे वाचन थांबते. पालक समजतात, मुलाचे गणित कच्चे आहे.

दुसरीत वाचन पक्के न झालेल्या मुलाला तिसरीत तीन विषय एकदम अवघड जाऊ लागतात, चौथीत त्याहून जास्त. ते वर्गात बसते, फळ्यावरचे उतरवून घेते, वही सुंदर अक्षरात भरलेली असते. उतरवणे आणि वाचणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे वही पाहून कळत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून देशभर ग्रामीण भागात ‘असर’ पाहणी होते. घरी जाऊन मुलासमोर अक्षरे, शब्द, एक छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट ठेवायची आणि वाचायला सांगायचे, इतकी ती सोपी आहे. 2018 मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 50.5 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. करोनातल्या शाळाबंदीनंतर, 2022 मध्ये, हे प्रमाण 42.8 टक्क्यांवर आले. 2024 मध्ये ते 48.8 झाले. म्हणजे आकडा सावरला तरीही पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या हातात असे पुस्तक आहे, जे त्यांना वाचताच येत नाही.

यावर उपाय सापडलेला आहे, आणि तो महागडा नाही. या शतकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नावाचा प्रयोग झाला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले रोज सुमारे दोन तास वेगळी घ्यायची आणि वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुलींनी त्यांना जिथे अडले तिथून, म्हणजे अक्षरांपासून किंवा साध्या बेरजेपासून शिकवायचे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला आणि मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा आढळली. पुढे 2019 मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मुलाची इयत्ता बाजूला ठेवायची आणि त्याची पायरी पाहून शिकवायचे, हे त्या प्रयोगाचे सार. अनुभवी मास्तरांना हे नेहमीच ठाऊक होते. पाठ्यक्रम संपवण्याच्या घाईत त्यांना ते करू दिले जात नाही.

चौथीकडे मात्र आनंदाने वळावे. चौथीचे इतिहासाचे पुस्तक म्हणजे ‘शिवछत्रपती’. 1970 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्या त्यातून शिकल्या. दहा वर्षांच्या वयाला ते पुस्तक इतके भिडते त्याचे कारण त्याच्या घडणीत आहे: तारखांच्या यादीऐवजी एका माणसाची जन्मापासूनची सलग हकिगत. मुलाला काळाची कल्पना अशीच येते. ‘साडेतीनशे वर्षांपूर्वी’ या शब्दांना त्या वयात अर्थ नसतो; शिवनेरी, राजगड, प्रतापगड, आग्रा, रायगड या क्रमाला असतो. चौथीचा भूगोलही आता जिल्ह्याची वेस ओलांडून महाराष्ट्रावर आलेला असतो, त्यामुळे गड आणि घाट नकाशावर सापडतात. इतिहास आणि भूगोल एकमेकांना इतके धरून पुन्हा क्वचितच येतात.

पाचवीत इतिहास एकदम मागे उडी घेतो: पृथ्वी, सजीव, आदिमानव, दगडाची हत्यारे, शेतीचा शोध. गणितात लाख आणि दहा लाख, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, कोन, क्षेत्रफळ, दशांश चिन्ह. पाचवीतल्या मुलाला पहिल्यांदाच न दिसणाऱ्या गोष्टींचा विचार करावा लागतो. दहा लाख काड्या कोणी मांडून दाखवत नाही. दोन तृतीयांश मोठे की तीन पंचमांश, हे आकडे बघून सांगायचे असते, आणि पाच हे तिनापेक्षा मोठे असूनही इथे उत्तर उलटे येते. अर्धा, पाव, पाऊण हे शब्द मराठी मुलाच्या घरात चहाच्या आणि दुधाच्या मापाने आधीच आलेले असतात. पाचवीतल्या शिक्षकाने तिथून सुरुवात केली तर पुष्कळ मुले तरतात.

पूर्वी आपल्याकडे प्राथमिक म्हणजे चौथीपर्यंत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीही त्यात घातली, पण जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा आजही चौथीपर्यंतच आहेत आणि पाचवीला मूल गाव सोडून हायस्कुलात जाते. त्याच कायद्यानुसार 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरतात. म्हणजे लहान गावात पहिली ते चौथीच्या चार इयत्तांना दोन शिक्षक, प्रत्येकाकडे दोन वर्ग. एकीकडे ‘ग म भ न’ आणि दुसरीकडे दोन अंकी वजाबाकी, एकाच खोलीत, एकाच वेळी. वर्षातले 200 दिवस आणि 800 तास हे कायद्यातले माप या खोलीत अर्धे होते, याचा हिशेब कोणत्याही परिपत्रकात मांडलेला नसतो.

आठवीपर्यंत कोणालाही नापास करायचे नाही हा त्या कायद्यातला नियम 2019 च्या दुरुस्तीने सैल झाला, आणि महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात आणि पुनर्परीक्षेतही जमले नाही तर मूल त्याच वर्गात राहते. मला हा उपाय उशिराचा वाटतो. पाचवीतल्या परीक्षेत जे उघड होते ते दुसरीतच घडलेले असते. तपासणी करायचीच तर ती दुसरीच्या अखेरीस, एकेका मुलाला जवळ घेऊन, प्रेमाने करावी; आणि जे आढळेल त्यावर तिसरीच्या पहिल्या तीन महिन्यांत काम करावे.

1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यात मागणी होती, आणि शिकवायचे काय तेही सांगितले होते: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. मोडी सोडली तर ही यादी आजच्या प्राथमिक शाळेची आहे. यादीवर आपले फारसे मतभेद कधी नव्हतेच. ती प्रत्येक मुलापर्यंत पोचवण्याचे काम राहिले आहे.

तुमच्या घरात तिसरी, चौथी किंवा पाचवीतले मूल असेल, तर आज रात्री त्याचे या वर्षीचे पुस्तक बाजूला ठेवा. दुसरीच्या पातळीची, त्याने कधीही न पाहिलेली एखादी गोष्ट त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसून ऐका. मग गोष्टीत काय झाले ते विचारा. 52 मधून 27 वजा करायला सांगा. अडले तर रागावू नका, शिकवणीही लावू नका. रोज वीस मिनिटे तिथूनच, दुसरीच्याच पुस्तकापासून, त्याच्यासोबत बसा आणि शाळेतल्या बाईंना हे सांगा. घरात मूल नसेल, तर शेजारच्या वस्तीत किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी नक्की असेल.